परक्यांपुढे लेकीला चांगलं म्हणू नये

रविवार, ११ फेब्रुवारी १९१२

वहीत लिहायला घेतलं, कारण बोलायला कुणी नाही. ही शाळेची हजेरीची वही. मागची पानं कोरी राहिली होती म्हणून मिस ऑर्ननी मला देऊन टाकली. त्या इथल्या शाळेच्या मुख्य बाई. आठ वर्षं त्यांचे कपडे धुते मी. धुणंवालीला वही देणारी गोरी बाई म्हणजे भलीच म्हणायची.

आज प्रार्थनाघरात डीकन प्रेलोंनी सांगितलं की चार्ल्सटनला आपल्या काळ्या लोकांचं जे इस्पितळ आहे तिथे नर्सचं शिक्षण देतात, आणि यंदा आमच्या बेटावरून एक मुलगी घेणार आहेत. एकच. उत्तरेकडची कुणी मिस लॅथम गुरुवारी मुली बघायला येणार. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या लुवेनियाची आयडेला आहे की. तिच्यासारखी दुसरी कोण?" सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "कसली हो, बादली उचलली तर अर्धी सांडते." बायका हसल्या. आयडेला मांडीवरचे हात बघत बसली. सोळा वर्षांची झाली तरी चारचौघांत मान वर करत नाही. असली बुजरी मुलगी लोकांच्या जखमा काय धुणार, देव जाणे.

आई गाणं अर्ध्यावर टाकून उठून गेली. शहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखत असतील.

तरी मला आतून वाटतंय, व्हावं. खरं लिहायचं तर फार वाटतंय. माझा नवरा एब्रम जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. माझे हात साबणाच्या पाण्याने फुटून भेगाळलेत, मिठाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. पोरीचे हात असे होऊ नयेत एवढंच मागणं आहे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सहा चादरी, अकरा परकर. कंबर धरली.

दुपारी पलीकडच्या वस्तीतला कालवं काढणारा माणूस आला, शिंपल्याच्या धारेवर पाय पडून टाच उघडी पडलेली. गुरासारखा ओरडत होता. आयडेलाने दोरा उकळला, त्याला म्हणाली गाणं म्हण, आणि तो गातोय तोवर नऊ टाके घातले. मी दोरा धरून उभी होते. टाके एका रेषेत नव्हते, शेवटचे दोन वाकडे. तो गेल्यावर सांगितलं मी तिला. "हो आई," म्हणाली.

फिबीमावशी आमची सुईण. तिचे हात हल्ली थरथरतात, म्हणून तीन वर्षं हिला बरोबर नेते. गेल्या महिन्यात एक पायाळू मूल अडलं होतं, ते आयडेलाच्या हातांनी सुखरूप आलं. मावशी गावभर सांगत सुटली आहे. अहो, पण काय करायचं ते मावशीच सांगत होती की, हिचं त्यात काय?

गुरुवार, १५ फेब्रुवारी

माझ्या आईने आज घरावर नांगर फिरवला.

मिस लॅथम दहा वाजता आल्या. उंच, हातमोजे घातलेल्या, हातात छापील कागद आणि पेन्सिल. बोलायला बऱ्या होत्या. आयडेलाला मधे उभं केलं. तोंड उघड म्हणाल्या, हिरड्या दाबून बघितल्या, दात मोजले. डोळ्यांच्या पापण्या वर केल्या. तळहात उलटेसुलटे करून बघितले. चालून दाखव, वाक, बादली उचल. वजन किती, वय किती, पाळी नियमित आहे का. प्रत्येक वेळी कागदावर टिपत होत्या. इस्पितळात बारा बारा तास उभं राहायचं असतं, दुबळी मुलगी चालत नाही, तेव्हा एवढी तपासणी असायचीच. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बादलीतून थेंब सांडला नाही हे मात्र दिसलं.

आई कोपऱ्यात गवताची टोपली विणत बसली होती. दात बघायला लागल्यापासून तिची सुई थांबलेली.

मिसनी विचारलं, घरात कुणाला काही जुनं दुखणं? मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोच आई उठली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. कंबरेत वाकली, मान हलवायला लागली, आणि तोंडभर हसली. डोळे हसत नव्हते. आवाजही तिचा नव्हे, कुणा लहान मुलीचा असावा तसा. म्हणाली, "मिस, या पोरीला फेफरं येतं. लहानपणापासून. अजून अंथरूण ओलं करते. हातही चोरटा आहे, साखर चोरते. आणि डोक्याने मंद. तुमचा चांगला वेळ फुकट जाईल हो."

 "आई, काय बोलतेस" एवढंच निघालं माझ्याकडून, तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलं गुपित फुटलं म्हणून ही दचकली. मिसनी आयडेलाकडे कीव करून बघितलं, एक ओळ लिहिली, कागद दुमडला. जाताना आईचे आभार मानले, खरं सांगितल्याबद्दल.

 आयडेलाने आजीला धरून बसवलं आणि पाणी दिलं. त्या मुलीला राग कसा तो येत नाही. आमच्या नशिबाला असली शेळीच यायची होती.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आईशी बोलत नाही. तिलाही त्याचं काही नाही. मासे आणले होते, त्यातला सगळ्यात मोठा आयडेलाच्या ताटात वाढला. पोरगी विहिरीवर गेली की ही मागोमाग, अंगणात गेली की ही दारात. काल जिची अब्रू घेतली तिच्याच झग्याचं टोक धरून बसायचं. म्हातारपणी डोकं फिरतं म्हणतात तसं झालंय की काय.

बुधवार, २१ फेब्रुवारी

धुणं पोचवायला गेले तेव्हा मिस ऑर्नना सगळं सांगितलं. फेफरं नाही, चोरी नाही, काही नाही, सगळं खोटं. त्या म्हणाल्या, मिस लॅथम मार्चअखेर परत शाळेत येतील, अठ्ठावीस तारखेला, तोवर नाव पक्कं होणार नाही. तू स्वतःच्या हाताने एक पत्र लिही. मुलीला काय येतं, कशी आहे, सगळं. आईच्या पत्राला वजन असतं. चार कोरे कागद दिले आणि म्हणाल्या, तुझं अक्षर सुंदर आहे, लुवेनिया. मी म्हटलं, कसलं मिस, कावळ्याचे पाय.

एक पत्र तर लिहायचंय. रविवारी लिहीन.

रविवार, २५ फेब्रुवारी

पत्राला बसले. "आदरणीय मिस लॅथम, माझी मुलगी आयडेला" इथवर छान आलं. पुढे काय लिहू? शाई पातळ आहे.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

"माझी मुलगी आयडेला आळशी नाही." हे लिहिलं. मग वाटलं, सकाळी हाक मारावी लागते की. खोडलं. एक कागद वाया.

शनिवार, २ मार्च

"आजारी माणसांशी ती फार वाईट वागत नाही." हे मिस ऑर्नना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, अजून थोडं लिही. लोकांना काय, लिहा म्हणायला. दिवसभर धोपटणं हातात असतं, संध्याकाळी बोटं वळत नाहीत. घामाने हात ओला होतो, पेन निसटतो. तिच्याबद्दल लिहायला बसलं की छातीत धडधडतं, जणू कुणी मागून येतंय. पोटात वात धरला असेल.

रविवार, ३ मार्च

फिबीमावशीने आज मला प्रार्थनाघराच्या मागे नेऊन बसवलं. आईहून ती चार वर्षांनी लहान, गुलामगिरीत दोघी एकाच मालकाच्या वस्तीवर वाढल्या. म्हणाली, तुझ्या आईशी, बाइनाशी बोलत नाहीस म्हणे. मी म्हटलं, तिने काय केलं ते ठाऊक आहे ना? मावशी म्हणाली, ठाऊक आहे, म्हणून तर बोलावलं.

मग तिने रायनाचं नाव काढलं; ते मी ऐकलेलं आहे. आई झोपेत बडबडते कधीकधी. मला वाटायचं तिची बहीण असेल. विचारलं तर म्हणायची, काम कर.

रायना आईची पहिली मुलगी. माझ्या आधी सतरा वर्षं. सात वर्षांची होती तेव्हा रुमालाला अशी दुमड घालायची की टाका शोधून सापडायचा नाही. मालकिणीची बहीण सॅव्हानाहून आली होती. तिने कुणी शिवलं म्हणून विचारलं, आणि आईने, चोवीस वर्षांची असेल तेव्हा, छाती फुगवून सांगितलं, माझ्या लेकीने. अजून काय काय येतं तेही सांगितलं. बोलावून आणलं, पुढे उभं केलं. त्या बाईने पोरीचे दात बघितले, बोटं बघितली, डोक्यावरून हात फिरवला. आईला साखरेचा खडा दिला. तीन आठवड्यांनी त्या बाईच्या लेकीचं लग्न होतं, त्यात रायनाला आहेर म्हणून पाठवली. होडीत बसवली तेव्हा आई भाताच्या खाचरात होती. कुणी सांगायलाही आलं नाही.

पुढल्या वर्षी लढाई सुरू झाली, गोरे बेट सोडून पळाले, आपले लोक गुलामीतून सुटले. लढाई संपल्यावर आई चालत सॅव्हानाला गेली. दोन महिने दारोदार विचारत होती. ते घर रिकामं होतं.

मावशी म्हणाली, "त्या दिवसापासून वस्तीतल्या सगळ्या बायका शहाण्या झाल्या. परकं माणूस आलं की आपापल्या पोराला शिव्या घालायच्या. हा लंगडतो, ही रक्त थुंकते. जिचं पोर जितकं गुणी तिने तितकं वाईट बोलायचं. बाइना तर सगळ्यांत पुढे. तुझ्या वेळी तर सुटून वीस वर्षं झाली होती, तरी बोललीच ना."

माझ्या वेळी म्हणजे कधी, मी विचारलं. मावशीने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं मला माहीत आहे.

मी चौदाची असताना तेव्हाच्या शिक्षिका मला मास्तरीण करायला पुढच्या शाळेत पाठवणार होत्या. मग अचानक काही बोलेनाशा झाल्या. मी समजले, परीक्षेत पडले. मंद आहे आपण, झालं. त्यांनी घरी येऊन आईला विचारलं होतं आणि आईने सांगितलं होतं की पोरीला वेडाचे झटके येतात.

अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला मंद समजून कपडे बडवतेय. आज काही सुचत नाही. उद्या धुणं आहे.

मंगळवार, ५ मार्च

आईला विचारलं. ओरडणार होते, पण जमलं नाही, दमले होते. म्हटलं, आई, आता तसं नाही गं. कुणी कुणाला नेत नाही. ते इस्पितळ आहे, शिकवतात, पगार देतात, सुट्टीत घरी पाठवतात.

आई टोपली विणत होती. म्हणाली, "दात बघितले तिने."

मी म्हटलं, अगं, तब्येत तपासायला.

"तब्येतच तपासायची तीसुद्धा."

  रायनाचं नाव काढायचं माझ्या जिभेवर आलं होतं, नाही काढलं.

शुक्रवार, १५ मार्च

पत्र अजून तेवढंच. तेरा दिवस राहिलेत.

आज आयडेला माझ्या पाठीला तेल चोळत होती. तिला म्हटलं, तूच सांग बाई, काय लिहू तुझ्याबद्दल.  ती म्हणाली, "आई, राहू दे पत्र. मला नाहीच जमायचं तिकडे. बादली सांडते, टाके वाकडे येतात, माणसांत बोलता येत नाही. तू म्हणतेस ते खरंच आहे."

मी उठून बसले. म्हटलं, मी कधी म्हटलं असं? ती म्हणाली, नाही, सहज आठवलं. आणि बाटलीचं बूच लावायला लागली. कोपऱ्यात आई टोपली बाजूला ठेवून तिच्याकडे बघत होती.

मी कधी म्हटलं? शिस्त लावायला आई चार शब्द बोलते, ते काय मनावर घ्यायचे असतात? मी माझ्या आईसारखी नाही. मी परक्यांपुढे खोटं बोलत नाही. आयडेलाचा स्वभावच हळवा आहे. रडू मात्र मला आलं, ती गेल्यावर, आणि बराच वेळ थांबलं नाही.

गुरुवार, २८ मार्च

जसं घडलं तसं लिहिते.

पत्र चार ओळींचं झालं. सकाळी नीट कपडे घालून आयडेलाला घेऊन निघाले. आई दारात उभी होती, तिला घरीच थांबायला सांगितलं. शाळा दोन मैल.

मिस ऑर्नच्या खोलीत मिस लॅथम बसल्या होत्या. पत्र वाचलं. एकदा उलटून बघितलं, मागे काही आहे का म्हणून. मग चांगल्या शब्दांत विचारलं, मुलीला फेफरं येतं का? मी म्हटलं, नाही मिस. कधीच नाही? कधीच नाही. बरं, मग तिच्यात चांगलं काय आहे ते तुम्ही सांगा ना, मला ऐकायचंय.

मला सगळं माहीत होतं. नऊ टाके, पायाळू मूल, माझी पाठ. ओठांवर होतं. त्यांनी पेन्सिल उचलली, कागद पुढे ओढला, माझ्याकडे बघितलं. निघालं ते असं: "तशी बरी आहे, मिस. झोपाळू आहे जरा. सांगितलेलं विसरते."

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला अजून कळत नाही. मिस ऑर्ननी डोळे मिटून घेतले. आयडेला फरशीकडे बघत होती. पेन्सिल कागदावर टेकली.

तेवढ्यात दार उघडलं. आई. दोन मैल चालत आली होती, त्या गुडघ्यांनी. डोक्यावरचा रुमाल सुटलेला, पाय चिखलाने माखलेले. आत आली आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. या वेळी वाकली नाही, हसलीही नाही. तिच्याच आवाजात बोलली.

"मी खोटं बोलले होते. पोरीला काही होत नाही. माझी आयडेला मेलेल्यासारखं मूल जिवंत करून आईच्या कुशीत देते. तिचे हात कापत नाहीत. रक्त बघून मोठमोठे पुरुष पळतात, ही पुढे जाते. एकदा सांगितलेलं विसरत नाही. खोटं बोलत नाही. या बेटावर अशी दुसरी नाही, आणि तुमच्या त्या गावातही नसेल."

एका दमात बोलली. मिस लॅथम लिहीत होत्या आणि आई त्या पेन्सिलीकडे बघत होती. पेन्सिल थांबली तेव्हा तिने चौकट सोडली. आयडेलाने धावत जाऊन धरली.

येताना वाटेत डीकन प्रेलोंची बैलगाडी भेटली. आईने सबंध वाट आयडेलाचं मनगट सोडलं नाही.  मला लाज वाटत होती, पण कशाची ते नीट सांगता येणार नाही. म्हातारीने काम फत्ते केलं, मी मात्र मूग गिळून बसले, त्याची असेल.

मंगळवार, १६ एप्रिल

पत्र आलं. आयडेलाला घेतलं. सप्टेंबरपासून.

प्रार्थनाघरात सगळ्यांनी गाणी म्हटली. फिबीमावशी नाचली, या वयात. आई घरी होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "माहीत होतं." पुढे, "कधी येणारेत न्यायला?" मी म्हटलं, कुणी न्यायला येत नाही, आपणच तिला पोचवायचं. ती म्हणाली, तेच ते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

आयडेला गेली.

सकाळी भात आणि भेंडी करून घातली, दोन घासांवर खाल्ली नाही. आई धक्क्यावर येणार नाही असं वाटलं होतं, पण सगळ्यांच्या आधी जाऊन बसली होती. होडी लागली तसं तिने आयडेलाला समोर उभं केलं, दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "म्हण. माझं नाव आयडेला." आयडेला म्हणाली. "माझी आई लुवेनिया. तिची आई बाइना. बाप एब्रम मंगिन. आमचं घर बेटाच्या दक्षिण टोकाला, मोठ्या ओकच्या पलीकडे." सगळं म्हणून घेतलं. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा. होडीवाला खोळंबला होता, लोक बघत होते, मला संकोच वाटायला लागला. सोळा वर्षांच्या मुलीला आपलं घर कुठे ते पढवायचं म्हणजे काय? आयडेलाने मात्र घाई केली नाही. आजीच्या डोळ्यांत बघून प्रत्येक शब्द नीट म्हणत होती. आई शेवटी म्हणाली, "कुणीही विचारलं तर हे सांगायचं. दुसरं नाव ठेवलं तरी हे विसरायचं नाही."

मग आयडेला माझ्याकडे आली. मला खूप बोलायचं होतं. मी म्हटलं, "केस नीट बांध, वाऱ्याने सुटतील."

घरी आल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी म्हणाली, "मी बोलले आणि नेलं. दोनदा मीच बोलले." मी तिच्या पायांना तेल लावलं. दुसरं काय करणार होते?

रविवार, २० ऑक्टोबर

आयडेलाचं चौथं पत्र. बरं चाललंय, पट्ट्या बांधायच्या परीक्षेत पहिली आली, पायाच्या टाचा दुखतात. आईला वाचून दाखवते. ती ऐकते, मान हलवते आणि म्हणते, "छान वाचतेस." तिला वाटतं मी मनाचंच रचून सांगतेय, तिला बरं वाटावं म्हणून. कागद हातात दिला तर उलटा धरून बघते आणि परत देते. जेवण निम्म्यावर आलंय. रोज सकाळी धक्क्यापर्यंत जाऊन येते.

मी उत्तर लिहिते. पहिली आलीस हे वाचून, इथवर लिहिलं आणि पुढे लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. पाकीट बंद केल्यावर वाटलं, दुसरं काही लिहायला हवं होतं.

मंगळवार, २४ डिसेंबर

आली. चार दिवसांची रजा.

आई धक्क्यावर होतीच. आयडेला होडीतून उतरून तिच्यापुढे उभी राहिली तरी आई तिच्या मागे बघत होती, अजून कुणी उतरतंय का. मग तिचा चेहरा चाचपला, कान, मान, बोटं, एक एक करून. विचारलं, "पळून आलीस?" आयडेला म्हणाली, नाही आजी, सुट्टी. "कागद आहे?" त्यांच्या वेळी मालकाच्या चिठ्ठीशिवाय वाटेवर दिसलं तर धरायचे. आयडेलाने इस्पितळाची रजाचिठ्ठी काढून दाखवली. आईने ती घेतली आणि स्वतःच्या झग्यात ठेवली. आयडेला म्हणाली, असू दे तुझ्याकडे.

वाळली आहे पोरगी. चालते मात्र ताठ. मी म्हटलं, तिकडे खायला घालत नाहीत का, काटकी झालीस नुसती.

आई आज दोन वाट्या भात जेवली.

शनिवार, २८ डिसेंबर

आज परत गेली. डोळ्यांत झोप आहे, पण हे आत्ताच लिहून ठेवते.

ओळखीचा होडीवाला आजारी आहे, म्हणून ब्यूफर्टचा कुणी नवा माणूस आला होता. तरणा, बडबड्या. आयडेलाची पेटी उचलता उचलता तिच्या पांढऱ्या कॉलरकडे बघून म्हणाला, वा, नर्सबाई वाटतं. कुणाची लेक ही?

 आई पुढे झाली. कंबरेत वाकली, तोंडभर हसली, तो तसलाच लहान मुलीचा आवाज काढला. "कसली नर्स, बाबा. काही कामाची नाही ही. हातातलं सगळं सांडते. चार दिवस ठेवून घेतील आणि हाकलतील. तूच परत आणून सोडशील बघ."

होडीवाला बिचारा गोंधळला, आयडेलाकडे बघून ओशाळून हसला. मी आईला ओढणार होते. पण आयडेला हसत होती. खाली मान घालून नव्हे, चांगली दात दिसतील एवढी हसत होती आणि डोळे भरून आले होते. तिने आजीला मिठी मारली आणि म्हणाली, "हो आजी. आजी, अजून सांग."

"आळशी आहे," आई म्हणाली. "मंद आहे. चोरटी आहे." तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि सांगत होती. आयडेला खांद्यावर डोकं ठेवून ऐकत होती.

होडीवाल्याला वाटलं असेल, दुसरीकडे विषय वळवावा. माझ्याकडे बोट करून विचारलं, आणि या कोण?

आईने माझ्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांत तिने मला कुणापुढे नुसती "लेक" म्हणूनच सांगितलंय. आज म्हणाली, "ही माझी धाकटी."

मग माझा हात धरला, दुखेल इतका घट्ट. "हीसुद्धा तसलीच, बाबा. डोक्याने अगदी मंद. हिच्यासारखी निकामी बाई सगळ्या बेटावर सापडायची नाही. हिच्याकडे बघूसुद्धा नकोस."

होडी लांब जाईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. धुणं पडलं होतं, भट्टी पेटवायची होती, तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.